टायपिंगबाईंचा जिना

जिन्याच्या पायऱ्यांवर काळा चकचकीत दगड बसवला, त्याच आठवड्यात टायपिंगबाई पडल्या. फार वरून नाही. मनगट मुरगळलं, गुडघा सोलवटला आणि पिशवीतली अंडी फुटली. शेजारच्यांनी धरून उठवलं, कोणी पाणी आणलं, कोणी नुसतंच "अरेरे" म्हटलं. बाई रडल्या नाहीत की कण्हल्या नाहीत. पाण्याचा पेला बाजूला सारून त्यांनी विचारलं, "हा दगड कोणी पसंत केला?"

बाईंना खरं नाव होतं, पण ते आता वीजबिलावरच यायचं. अख्ख्या वस्तीला त्या टायपिंगबाई. नवरा छापखान्यात होता. छातीच्या दुखण्यानं तरुणपणीच गेला, तेव्हा मुलगा जेमतेम शाळेत जायला लागला होता. नातेवाइकांनी सल्ले भरपूर दिले. बाईंनी ते ऐकून घेतले आणि कुठल्याशा बंद पडलेल्या कचेरीतून दोन जुने टाइपरायटर उचलून आणले. आधी घरातच क्लास, मग दुकानांच्या रांगेवरची मोठी खोली. पुढची कित्येक वर्षं त्या खोलीतून पत्र्यावर गारा पडाव्यात तसा आवाज यायचा.

वर्गात बाईंचे कायदे दोनच. पहिला, बटणांकडे बघायचं नाही. तो पाळला जावा म्हणून त्यांनी सगळ्या यंत्रांच्या सगळ्या बटणांवर व्हाइटनर फासून अक्षरं बुजवून टाकली होती. पोरं कुरकुरायची, "बाई, काहीच कळत नाही!" बाई म्हणायच्या, "बोटांना कळू दे. डोळ्यांना दुसरी कामं आहेत." दुसरा कायदा, कागदावर व्हाइटनर लावायचं नाही. चुकलं तर कागद काढायचा आणि नवा घालायचा. पानभर सुरेख टाइप करून शेवटच्या ओळीत एक अक्षर चुकलेलं असलं तरी नवा कागद. एखाद्यानं हळूच पांढरं फासून त्यावर टाइप केलं, तर बाई कागद उजेडाकडे धरायच्या आणि त्या पोराला दाराबाहेर उभं करायच्या.

मग संगणक आले. क्लास ओस पडला, यंत्रं भंगारात गेली. एक तेवढं बाईंनी घरी आणून खिडकीजवळ ठेवलं. मुलगा शिकला, दुसऱ्या शहरात नोकरीला लागला, लग्न केलं, तिकडचाच झाला. बाई तिसऱ्या मजल्यावरच्या त्यांच्या दोन खोल्यांत एकट्या राहिल्या आणि त्याबद्दल त्यांची कुणाकडे काही तक्रार नव्हती.

डोळ्यांचं पुढे सुरू झालं. आधी वर्तमानपत्रातल्या ओळी मधेच वाकायला लागल्या, मग शब्दाचा मधला भागच गायब. डॉक्टरांनी तपासून समजुतीच्या सुरात सांगितलं, की नजरेचा मधला भाग जाणार आणि कडा राहतील. वाचता येणार नाही, समोरच्याचा चेहरा ओळखू येणार नाही, पण पूर्ण अंधार काही होणार नाही.

"म्हणजे माणसाचे कान दिसतील, तोंड दिसणार नाही?" बाईंनी विचारलं.

"साधारण तसंच."

"चालेल. बऱ्याच जणांचं तोंड न दिसलेलंच बरं."

डॉक्टर हसले. बाई घरी येऊन मात्र बराच वेळ खिडकीपाशी बसून राहिल्या. मुलाला फोन लावला आणि तो काही बोलायच्या आत सांगून टाकलं, "मी तिकडे येणार नाहीये. आधीच सांगून ठेवते."

मुलगा वाईट नव्हता, सूनही नव्हती. एकदा बाई त्यांच्याकडे जाऊन राहिल्या होत्या. स्वतंत्र खोली, मऊ गादी, सगळं होतं. पण चहा करायला उठल्या की सून म्हणायची, "आई, तुम्ही बसा." भांडं उचललं की मुलगा म्हणायचा, "आई, तू बस ना." बसून बसून आपला पुतळा होईल अशी भीती वाटून बाईंनी मुक्काम अर्ध्यावर टाकला आणि परत आल्या.

आता घरातल्या वस्तू मात्र बाईंना चकवायला लागल्या. गॅस बंद केलाय असं वाटायचं आणि तो बारीक जळत असायचा. एकदा एक पातेलं करपून कोळसा झालं. त्या दिवशी बाई खाली उतरल्या आणि कोपऱ्यावरच्या स्टेशनरीच्या दुकानात गेल्या. दुकानदार त्यांचाच विद्यार्थी, आता केस पिकलेला.

"एक करेक्शन पेन दे," बाई म्हणाल्या.

"कुणासाठी, बाई?"

"मला."

दुकानदारानं हातातलं काम ठेवलं. "बाई, याच व्हाइटनरपायी तुम्ही मला बाहेर उभं केलं होतंत. माझ्या आईला बोलावून घेतलं होतंत!"

"तू चूक झाकत होतास. मला झाकायचं नाही, दिसायला हवंय. आणि जाड टोकाचा दे, ते बारीक टोकाचे लवकर तुंबतात."

घरी येऊन बाईंनी पेन कानाशी धरून हलवला. आतली गोळी खुळखुळली. टोक टेकवून अंग दाबलं की पांढरा थेंब उतरायचा आणि फुंकर घालेपर्यंत वाळायचा. गॅसच्या बटणावर एक ठिपका, शेगडीवर एक ठिपका. दोन्ही समोरासमोर आले की बंद. सकाळच्या गोळ्यांच्या बाटलीला ठिपका, रात्रीच्या बाटलीला आडवी रेघ. दाराची किल्ली कुठल्या बाजूनं घालायची तिथे खूण. काळ्या तव्याच्या काळ्या दांड्याला पांढरं टोक. दाराची कडी, टीव्हीचा रिमोट, पाण्याचा नळ, काही सोडलं नाही. वाळलेलं व्हाइटनर जरासं उठून राहतं, त्यामुळे नजर फिरली तरी बोट चुकत नसे. गॅसजवळचे ठिपके तेलकटपणानं निघून यायचे, ते बाई दर थोड्या दिवसांनी पुन्हा द्यायच्या. घर पुन्हा त्यांच्या हुकमतीत आलं.

जिन्याचं काही करावं लागलं नव्हतं. जुन्या पायऱ्या खरखरीत राखी दगडाच्या, कडा झिजून फिकट झालेल्या. पायाला पाठ होत्या. पण इमारतीच्या सेक्रेटरीला त्या डोळ्यांत खुपायच्या. हे गृहस्थ मोठ्या कचेरीतून निवृत्त झालेले, टापटिपीचे. नवा दगड त्यांनी स्वतः दहा दुकानं हिंडून आणला होता आणि काम चालू असताना गवंड्याच्या मागे सावलीसारखे उभे होते. काम झाल्यावर त्यांनी खिशातल्या रुमालानं पहिली पायरी पुसली. जिना खरोखर आरशासारखा झाला. बाईंना मात्र वरून बघितलं की पायऱ्या दिसतच नव्हत्या. खाली एकच काळं डबकं भरून राहिल्यासारखं दिसायचं.

पडल्यानंतर मनगटाला पट्टी बांधून बाई सेक्रेटरीकडे गेल्या. "पायऱ्यांच्या कडांना पांढरा नाही तर पिवळा पट्टा मारून घ्या. मला कड दिसत नाही."

सेक्रेटरीनं त्यांना खुर्ची दिली. आवाज मऊ होता. "बाई, इतकी यातायात करून दगड बसवला. त्यावर पट्टे मारले तर रेल्वेचा फलाट दिसेल. शोभा काय राहील?"

"शोभेवरून घसरून मी पडले."

"त्याबद्दल वाईटच वाटतं मला. पण स्पष्ट बोलतो, रागावू नका. अशा अवस्थेत तुम्ही एकट्या राहता, हेच मुळात बरोबर नाही. चिरंजीवांकडे का जात नाही?"

बाई उठल्या. "मी तुम्हाला पायरीबद्दल विचारलं होतं. माझ्याबद्दल नाही."

त्या धरत धरत तडक कोपऱ्यावरच्या दुकानात गेल्या. "पेनांचा आख्खा बॉक्स काढ," त्यांनी दुकानदाराला फर्मावलं.

"बाई, पुन्हा क्लास काढताय की काय?"

"काढतेय. एकाच माणसासाठी."

दुसऱ्या दिवशी सकाळी, वर्दळ ओसरल्यावर, बाईंनी घराला कुलूप लावलं आणि दारापुढच्या पहिल्या पायरीवर बसकण मारली. डाव्या हाताचा अंगठा कडेवर टेकवला, मान तिरकी केली, कारण सरळ बघितलं की रेघ नाहीशी व्हायची, आणि अंगठ्याच्या आधारानं पेन ओढत नेला. एका रेघेनं भागत नव्हतं. शेजारी शेजारी तीन-चार ओढल्या की बोटभर पट्टा व्हायचा. मग बसल्या बसल्याच खालच्या पायरीवर सरकायचं आणि पुन्हा तेच. व्हाइटनरचा उग्र वास जिनाभर पसरला. येणारे-जाणारे थबकत, अंग चोरून बाजूनं जात. दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं विचारलं, "काय हरवलंय का?"

"कड हरवली होती," बाई म्हणाल्या. "सापडतेय."

दुपारपर्यंत त्या तळमजल्यावर पोचल्या. कंबर धरली होती, बोटं पांढरी झाली होती. खाली उभं राहून त्यांनी वर पाहिलं. काळ्या डबक्यातून एकेक पायरी वर उठून उभी राहिली होती. कठड्याला हात न लावता त्या वर चढून गेल्या.

संध्याकाळी सेक्रेटरीनं जिना पाहिला आणि त्याच्या तोंडचं पाणी पळालं. सकाळी जिना झाडायला येणारी सफाईवाली थिनरची बाटली आणि तारेची घासणी घेऊन हजर झाली. बाई दारातच उभ्या होत्या.

"बाई, मला सांगितलंय पुसायला," सफाईवाली खाली मान घालून म्हणाली. "मी काय करू?"

"तू तुझं काम कर. पुसून झालं की मला हाक मार, म्हणजे मी माझं करीन."

तिला वाटलं थट्टा चाललीय. पण खालच्या पायरीपर्यंत तिची घासणी पोचली, तशा बाई वरच्या पायरीवर पेन खुळखुळवत बसल्या. आणि मग हे चालूच राहिलं. ती पुसायची, बाई रेघा मारायच्या. कधी कधी दोघी एकाच मजल्यावर यायच्या, तेव्हा चहा व्हायचा. सफाईवालीनं एकदा कबूल केलं, की ओली बादली घेऊन उतरताना रेघा असल्या की तिचाही जीव खालीवर होत नाही. "पण हे मी बोलले असं सांगू नका हं," ती म्हणाली.

"मी कशाला सांगू? तुझं तूच सांगशील कधी तरी."

आठवड्यानं तळमजल्यावरच्या फळ्यावर नोटीस लागली. बाईंना फळा दिसला, कागद दिसला, अक्षरं नाहीत. त्या तिथेच उभ्या राहिल्या आणि सेक्रेटरी ऑफिसच्या खोलीतून बाहेर येताच त्यांनी त्याला अडवलं.

"सेक्रेटरीसाहेब, हे माझ्याबद्दल आहे म्हणतात. वाचून दाखवा."

"बाई, कोणाकडूनही वाचून घ्या ना..."

"लिहिलं तुम्ही, तर वाचायला लाज कसली? मला दिसत नाही, तुम्हाला दिसतं. वाचा."

भाजी घेऊन येणारे, कामावर जाणारे, सगळे रेंगाळले. सेक्रेटरीनं घसा खाकरला आणि वाचायला सुरुवात केली. "इमारतीच्या सामाईक मालमत्तेचे विद्रूपीकरण करणाऱ्या सभासदावर..."

"विद्रूपीकरण म्हणजे?"

"म्हणजे... खराब करणं."

"असं. पुढे?"

पुढे दंडाची भाषा होती आणि रविवारी सभा होती. सेक्रेटरीचा आवाज ओळीगणिक बारीक होत गेला. सगळं ऐकून बाईंनी मान डोलावली आणि वर निघून गेल्या. खिडकीजवळच्या टाइपरायटरवरचं कापड काढलं, कागद चढवला आणि बसल्या. बटणांवरची अक्षरं त्यांनीच कधीकाळी बुजवली होती. आता ती असती तरी दिसली नसती, बोटांना काही फरक पडला नाही. खूप दिवसांनी घरात पुन्हा त्या गारा पडल्या. संध्याकाळी नोटिशीच्या शेजारी बाईंचं उत्तर लागलं. त्यात एवढंच होतं, की जिना सामाईक आहे आणि म्हणून तो मलाही उतरता आला पाहिजे, रेघा पुसल्या जातील तितक्या वेळा मी पुन्हा मारीन, कळावे.

दुसऱ्या दिवशी सेक्रेटरीला काही तरी बोलल्याशिवाय राहवलं नाही. "बाई, तुमच्या पत्रात दुसऱ्या ओळीत एक अक्षर चुकलंय."

सबंध आयुष्यात त्यांनी चुकलेला कागद हाताबाहेर जाऊ दिला नव्हता. क्षणभर वाटलं, वर जावं आणि नवा कागद घालावा. पण त्या जागच्या हलल्या नाहीत.

"असू दे," त्या म्हणाल्या. "तुम्हाला काही तरी सापडायला हवं ना."

सेक्रेटरीनं मग शेवटचा उपाय केला. बाईंच्या मुलाला फोन. शनिवारी दुपारी मुलगा दारात उभा राहिला, हातात रिकामी सुटकेस. बाईंना सुटकेसची कड तेवढी दिसली आणि काय समजायचं ते समजलं.

मुलगा आत आला आणि घरभर बघत राहिला. गॅसवर ठिपके, कपाटावर ठिपके, बाटल्यांवर, स्विचवर, दाराच्या कडीवर. "आई, हे काय करून ठेवलंयस?" त्यानं एका ठिपक्यावर बोट फिरवलं. "इतकं दिसत नाही तुला? मला सांगितलं का नाहीस?"

"सांगितलं असतं तर तू सुटकेस आधीच आणली असतीस."

"मग काय चुकलं असतं?" तो खुर्चीवर मटकन बसला. "तू इथे, मी तिथे. सकाळी फोन उचलायला तुला उशीर झाला की माझे हातपाय गार पडतात. ऑफिसात लक्ष लागत नाही. उद्या तू पुन्हा पडलीस, आणि कोणाला कळलंच नाही, तर?"

मुलगा खोटं बोलत नव्हता. त्यांनी चाचपडत त्याच्या खांद्यावर हात ठेवला.

"पडेन," त्या म्हणाल्या. "पडणार नाही असं वचन नाही देत तुला. पण तुझ्याकडे मी पडणार नाही, कारण मला कोणी उठूच देणार नाही. त्यापेक्षा हे बरं आहे, राजा. इथे मी माझा चहा माझ्या हातानं करते. मला तेवढं तरी राहू दे."

"हा नुसता हट्ट आहे."

"आहेच. तुला याच हट्टानं शिकवलं मी."

रात्रीचं जेवण दोघांनी न बोलता उरकलं. सुटकेस कोपऱ्यात तशीच रिकामी पडून होती.

रविवारी दुपारी सभेसाठी दोघं खाली निघाले. मुलानं हात पुढे केला. बाईंनी धरला नाही. वरच्या मजल्यांवर रेघा होत्या. खालच्या मजल्यावरच्या सकाळीच पुसल्या गेल्या होत्या, आणि तिथल्या झरोक्यातून ऊन थेट पायऱ्यांवर पडत होतं. काळा दगड नुसता झगमगत होता. बाई भिंतीला हात लावून, पाय चाचपत उतरत होत्या. मागून मुलाचा बूट सर्रकन घसरल्याचा आवाज आला आणि कठडा हादरला.

"पुसलेला मजला लागला वाटतं," बाई न वळता म्हणाल्या.

उरलेल्या पायऱ्या मुलगा कठडा धरून उतरला.

सभा गाड्या लावायच्या जागेत होती. सेक्रेटरीनं सगळं रीतसर मांडलं: दगड, त्याची निगा, नियम, आणि बाईंची काळजी. "त्यांचे चिरंजीव इथे आहेतच," तो म्हणाला. "त्यांचंही मत हेच आहे, की बाईंनी त्यांच्याकडे जावं."

सगळे मुलाकडे वळले. मुलानं चष्मा काढला, पुसला आणि पुन्हा घातला. "माझं मत असं आहे," तो सावकाश म्हणाला, "की आत्ता येताना मी पडता पडता वाचलो. माझे डोळे तर चांगले आहेत."

थोडी खसखस पिकली. सेक्रेटरीचे कान लाल झाले आणि त्यानं घाईनं मतदान पुकारलं. रेघा नकोत असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा.

"थांबा," बाई म्हणाल्या. "मला हात दिसतात, चेहरे दिसत नाहीत. ज्यानं हात वर केलाय त्यानं तोंडानं सांगावं, कुठल्या मजल्यावरचे ते. माझ्याविरुद्ध कोण आहे हे मला कळायला नको?"

वर गेलेल्या हातांपैकी काही खाली आले. बाकीच्यांनी पुटपुटत मजले सांगितले. तरीही मोजल्यावर सेक्रेटरीचीच बाजू भारी निघाली. लोक वाईट नव्हते. बहुतेकांना नवा जिना आवडला होता आणि भांडण नको होतं.

"ठराव मंजूर," सेक्रेटरी म्हणाला. "बाई, आता तरी ऐका."

बाई उभ्या राहिल्या. "तुम्ही ठराव केलात, मी ऐकला. उद्या सकाळी मी पुन्हा रेघा मारणार आहे. दंड लावायचा तर लावा, भरणार नाही. पोलिसांना बोलवायचं तर बोलवा, त्यांनाही हाच जिना चढून यावं लागेल. मी या जिन्यावरून मुलाला कडेवर घेऊन चढलेय, नवऱ्याला खांद्यावर नेताना बघितलंय. हा जिना मला दिसला पाहिजे. बस, एवढंच."

बाई निघाल्या, मुलगा मागोमाग.

सोमवारी सकाळी बाई नेहमीसारख्या वरच्या पायरीवर बसल्या. मुलाची गाडी दुपारची होती. तो दारात थोडा वेळ घुटमळला, मग शेजारी येऊन बसला.

"दे एक."

बाईंनी पेन दिला. "आधी हलव. आणि अंगठा टेकव, नाही तर हात वाहवतो."

दोघं एकेक पायरी सरकत खाली येत राहिले. दुसऱ्या मजल्याच्या वळणावर बाई म्हणाल्या, "तू वाकडी काढतोयस."

"तुला दिसतंय?"

"कडेनं दिसतंय. एवढं काही आंधळी नाही झाले."

मुलगा हसला. खूप दिवसांनी त्याचं ते शाळेतलं हसू बाईंनी ऐकलं. दुपारी तो गेला. सुटकेस रिकामीच परत न्यायला त्याला बरं वाटेना, म्हणून त्यानं ती माळ्यावर टाकली आणि रोज सकाळी तो करील तो फोन उचलायचं बाईंकडून कबूल करून घेतलं. बाई फोन उचलायच्या आणि आधी म्हणायच्या, "आहे अजून."

जिन्याचं भांडण पुढे कोणाच्याच हुकमानं मिटलं नाही. दगडच शेवटी दगा देऊन गेला. तो दगडवाल्यानं सांगितला तितका अस्सल नव्हता. वरवरचं काळं पॉलिश होतं. रोजच्या थिनरनं आणि तारेच्या घासणीनं पायऱ्यांच्या कडांवरचं पॉलिश उडालं आणि खालचा फिकट राखी दगड वर आला. सफाईवालीनं एके सकाळी पुसून पुसून पाहिलं आणि सेक्रेटरीला जाऊन सांगितलं, "साहेब, आता व्हाइटनर नाहीये, तरी रेघ जात नाही." सेक्रेटरीनं वाकून बोट फिरवलं. मग तो तिथेच पायरीवर बसला. त्यानंतर थिनरची बाटली आली नाही. नोटीस फळ्यावर पिवळी पडली आणि केव्हा तरी गळून गेली.

राखी कडेवर बाईंनी पांढरी रेघ चालूच ठेवली. सेक्रेटरी जिन्यात भेटला की अंग चोरून, न बोलता बाजूनं जायचा. बाई मुद्दाम म्हणायच्या, "सांभाळून हो, ओलं आहे." दुसऱ्या मजल्यावरच्या बाईनं एकदा हळूच विचारलं, हा पेन मिळतो कुठे. बाईंनी दुकान सांगितलं आणि टोक जाड घ्या म्हणाल्या.

नजर आणखी उतरली, तशा बाई घरात बसतील असं सगळ्यांना वाटलं होतं. उलट त्यांचं हिंडणं वाढलं. पर्समध्ये नवऱ्याच्या पेन्शनचे कागद, चाव्या आणि एक पेन. गेल्या महिन्यात त्या बँकेत गेल्या. बँकेनं दर्शनी भिंत काढून वरपासून खालपर्यंत काच लावली होती, दारही काचेचं. बाईंचं कपाळ त्यावर दाणकन आपटलं. आतल्या रांगेतले लोक वळून बघायला लागले. बाईंनी कपाळ चोळलं, पर्स उघडली, पेन कानाशी हलवला आणि दाराच्या बरोबर मधोमध, डोळ्यांच्या उंचीवर, एक लांबलचक आडवी रेघ ओढायला घेतली.

रखवालदार धावत आला. "ओ आजी! काचेवर काय करताय?"

"तुमचं दार कुठंय ते लिहितेय," बाई म्हणाल्या. "जरा बाजूला हो, माझ्या उजेडात उभा आहेस."